आधी उंट बांधा



भीती कोणाला वाटत नाही? रात्री अचानक वीज गेली, की लहान मुले आईला बिलगतात. परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागले, की मोठ्या मुलांच्याही पोटात गोळा येतो. वडील होडी घेऊन समुद्रावर गेले आणि मागून वारा सुटला, की घरातल्या सर्वांचे डोळे दाराकडे लागतात. रात्रपाळीला गेलेला मोठा भाऊ वेळेवर परतला नाही, तर अम्मीच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

भीती वाटणे हा काही गुन्हा नाही. ज्याने आपल्याला डोळे आणि कान दिले, त्यानेच आपल्या मनात भीतीही ठेवली आहे. विस्तवाची भीती नसती, तर आपण रोज हात भाजून घेतले असते. भरधाव गाड्यांची भीती नसती, तर रस्ता ओलांडताना कोणी दोन्हीकडे पाहिले नसते.

भीती ही दारावर बसलेल्या राखणदारासारखी आहे. काही धोका दिसला, की राखणदार हाक देतो. त्याची हाक ऐकून आपण उठतो, दिवा लावतो, दाराची कडी नीट बसली आहे की नाही ते पाहतो. एवढे त्याचे काम. पण त्याच राखणदाराला उचलून घरात आणले आणि घराचा मालक केले, तर काय होईल? तो रात्रंदिवस ओरडत राहील. कोणाला धड जेवू देणार नाही, झोपू देणार नाही, की कामाला बाहेर पडू देणार नाही. पुष्कळ माणसांच्या मनात नेमके हेच घडते. मराठीत एक म्हण आहे : ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’. जो भितो, त्याच्या मागे राक्षस लागतो. हा राक्षस बाहेरून येत नाही. भीतीच त्याला जन्म देते.

मग या राखणदाराला पुन्हा दारावर कसे नेऊन बसवायचे? यासाठी आपल्या धर्माने एक उपाय सांगितला आहे. त्याचे नाव तुम्ही घरी, मदरशात आणि शाळेत अनेकदा ऐकले आहे. ते नाव म्हणजे तवक्कुल. मराठीत आपण त्याला ‘अल्लाहवरील भरवसा’ म्हणू. शब्द ओळखीचा आहे, पण त्याचा अर्थ मात्र पुष्कळांना नीट ठाऊक नसतो.

काही जणांना वाटते, भरवसा ठेवणे म्हणजे हात बांधून बसणे. ‘जे नशिबात असेल ते होईल’ असे म्हणायचे आणि पांघरूण डोक्यावर ओढून झोपायचे. अशा माणसांची मराठी भाषेने चांगलीच थट्टा केली आहे : ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’. म्हणजे देवाला द्यायचे असेल, तर तो मला खाटेवरच आणून देईल. मी कशाला उठू? आपल्याकडेही अशी खाटेवरची माणसे कमी नाहीत.

एकदा एका माणसाने हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांना विचारले, की मी माझा उंट बांधून ठेवून अल्लाहवर भरवसा ठेवू, की तो मोकळा सोडून भरवसा ठेवू? पैगंबरांनी त्याला सांगितले, की आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. उत्तर अगदी लहान आहे, पण त्यात दोन्ही कामे आली आहेत आणि त्यांचा क्रमही आला आहे. दोर आपल्या हातात आहे, म्हणून गाठ आपण मारायची. रात्रीच्या अंधारात काय घडेल ते आपल्या हातात नाही, म्हणून ते अल्लाहवर सोपवायचे. गाठ न मारता झोपणारा आळशी ठरतो. गाठ मारूनही जो रात्रभर उंटापाशी थरथरत बसतो, तो भित्रा ठरतो. गाठ मारून शांतपणे झोपतो, तो भरवसा ठेवणारा.

पैगंबरांनी पक्ष्यांचेही उदाहरण दिले आहे. पक्षी सकाळी रिकाम्या पोटी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. त्यांना देणारा अल्लाहच आहे. पण ते घरट्यातून निघतात, हे विसरू नका. चोच उघडून घरट्यात बसून राहते ते फक्त पिल्लू.

आता हा भरवसा मोठ्या संकटात कसा दिसतो, ते पाहू. त्यासाठी आपल्याला इ.स. ६२२ मधील मक्का शहरात जावे लागेल. हिजरी सनाची गणना ज्या हिजरतीपासून होते, ती हिजरत याच वर्षी घडली.

मक्केतील कुरैश सरदारांनी मुसलमानांचा फार छळ केला होता. त्यामुळे बहुतेक अनुयायी मदीनेला निघून गेले होते. शेवटी सरदारांनी पैगंबरांना ठार मारण्याचाच बेत केला. आता मक्केत राहणे शक्य नव्हते. पैगंबर (स.) आणि त्यांचे जिवलग मित्र हजरत अबू बकर (रजि.) मदीनेला जाण्यास निघाले.

अल्लाहच्या प्रेषितापेक्षा अल्लाहवर अधिक भरवसा कोणाचा असणार? त्यांनी मनात आणले असते, तर दिवसाढवळ्या मदीनेची वाट धरली असती. पण त्यांनी तसे केले नाही. त्यांनी काय केले, ते क्रमाने पाहा.

हजरत अबू बकर यांनी दोन उंटिणी चार महिन्यांपासून घरी चारा घालून तयार ठेवल्या होत्या. लोकांनी विश्वासाने पैगंबरांकडे ठेवलेल्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्याचे काम हजरत अली (रजि.) यांच्याकडे सोपवले गेले. त्या रात्री हजरत अली पैगंबरांच्या बिछान्यावर झोपले, म्हणजे पाळत ठेवणाऱ्यांना संशय येऊ नये. मदीना मक्केच्या उत्तरेला आहे. पण ते दोघे दक्षिणेला गेले आणि सौर नावाच्या डोंगरातील गुहेत तीन रात्री लपून राहिले. हजरत अबू बकर यांचे तरुण पुत्र अब्दुल्लाह दिवसभर शहरात राहून शत्रूचे बेत ऐकत आणि रात्री गुहेत येऊन सांगत. पहाटेच्या आत ते पुन्हा मक्केत पोहोचत, म्हणजे कोणाला वाटावे, की हे रात्रभर इथेच होते. आमिर बिन फुहैरा हे शेळ्यामेंढ्यांचा कळप त्या बाजूला नेत. त्यामुळे गुहेतल्यांना दूध मिळे.

या कामात एका मुलीचाही वाटा होता. हजरत अबू बकर यांची कन्या हजरत अस्मा (रजि.) यांनी प्रवासाची शिदोरी तयार केली. ती बांधायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी आपला कमरपट्टा फाडून त्याचे दोन भाग केले आणि शिदोरी बांधून दिली. म्हणूनच इतिहास त्यांना ‘दोन कमरपट्टेवाली’ या नावाने ओळखतो. वाट दाखवण्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित नावाचा वाटाड्या ठरवला होता. तो मुसलमान नव्हता. पण रस्त्यांचा जाणकार होता आणि शब्दाचा पक्का होता. तीन रात्रींनंतर उंटिणी घेऊन यायचे, असे त्याच्याशी ठरले होते. ठरल्याप्रमाणे तो आला आणि नेहमीची वाट सोडून त्याने दोघांना समुद्रकिनाऱ्याच्या बाजूने नेले.

वाहन, अमानती, लपण्याची जागा, बातम्या, अन्न, वाटाड्या. पाहा, उंट बांधायचे काहीही शिल्लक ठेवले नव्हते.

आणि तरीही शत्रू गुहेच्या तोंडापर्यंत पोहोचले. त्यांची पावले आतून दिसत होती. हजरत अबू बकर व्याकूळ झाले. यांच्यातल्या कोणी आपल्या पायांखाली पाहिले, तर आपण दिसू, असे ते हळूच म्हणाले. त्यांना स्वतःच्या जिवापेक्षा पैगंबरांची काळजी होती. आता करण्यासारखे काही उरले नव्हते. धावता येत नव्हते, लढता येत नव्हते. माणसाच्या हातातले सगळे दोर संपले होते. त्या क्षणी पैगंबरांनी आपल्या मित्राला धीर दिला, की दुःख करू नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे. शत्रू आत न पाहताच परत गेले.

मित्रांनो, ‘अल्लाह आपल्याबरोबर आहे’ हा दिलासा कोणत्या वेळी दिला गेला, त्याकडे लक्ष द्या. सगळी तयारी झाल्यानंतर, अगदी शेवटच्या टोकावर तो दिला गेला. माणसाचे प्रयत्न जिथे संपतात, तिथे मनाला उभे राहायला जागा लागते. तवक्कुल ही ती जागा आहे.

आता तुम्ही विचाराल, की भरवसा ठेवला म्हणजे आपल्याला कधीच इजा होणार नाही का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर खरेच दिले पाहिजे. नाही, तसे वचन कोणाला मिळालेले नाही. इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत पैगंबर (स.) एकावर एक दोन चिलखते घालून उतरले होते. तरीही ते जखमी झाले, त्यांचा दात तुटला आणि त्यांचे प्रिय काका हजरत हमजा (रजि.) शहीद झाले. म्हणून अल्लाहने त्यांना सोडून दिले, असे कोणी म्हणाले नाही. अल्लाहचे संरक्षण म्हणजे काटा न टोचण्याची हमी नव्हे. काटा टोचला तरी आपण एकटे नाही, आपले दुःख कोणी तरी पाहतो आहे आणि त्यातून वाट निघेल, ही खात्री म्हणजे संरक्षण.

दुसरी एक घटना याहूनही बोलकी आहे. ती इ.स. ६३९ च्या सुमाराची. खलिफा हजरत उमर (रजि.) शाम देशाकडे, म्हणजे सीरियाकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना कळले, की पुढे प्लेगची साथ पसरली आहे. पुढे जावे, की परत फिरावे? त्यांनी सोबतच्या लोकांचा सल्ला घेतला. काही जण म्हणाले, पुढे जावे. काही म्हणाले, परतावे. शेवटी हजरत उमर यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की आपण अल्लाहने ठरवलेल्या तकदीरपासून पळून जाता का? हजरत उमर यांनी होकार दिला आणि सांगितले, की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. मग त्यांनी साधे उदाहरण दिले. एका दरीची एक बाजू हिरवीगार आहे आणि दुसरी उजाड. तुम्ही उंट कुठेही चारलेत, तरी ते अल्लाहच्याच इच्छेने. मग शहाणा माणूस हिरवी बाजू का निवडणार नाही?

इतक्यात हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) तेथे आले. त्यांनी पैगंबरांची आज्ञा सांगितली, की जिथे साथ असेल तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली, तर तिथून पळू नका. हजरत उमर यांनी अल्लाहचे आभार मानले आणि ते परतले. हजरत अबू उबैदा मात्र आपल्या लोकांबरोबर शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत त्यांचे निधन झाले. एकाने परत फिरून आज्ञा पाळली, दुसऱ्याने जागेवर राहून. दोघांपैकी कोणीही भीतीचा गुलाम नव्हता.

ही जुनी घटना २०२० साली जगाला पुन्हा आठवली. कोरोनाच्या साथीत आपल्या देशातील मशिदी, मंदिरे, चर्च अशी सारी प्रार्थनास्थळे काही महिने बंद राहिली. लोकांनी घरी नमाज पढली. त्या वर्षीची हज यात्राही सौदी अरेबियातच राहणाऱ्या थोड्या यात्रेकरूंपुरती मर्यादित ठेवावी लागली. यामुळे कोणाचा भरवसा कमी झाला नाही. तोंडाला मुसके बांधणे, अंतर राखणे, लस घेणे हे त्या वेळचे उंट बांधणेच होते.

भीतीला मोकळे सोडले, तर ती केवळ आपल्यालाच त्रास देते असे नाही. ती दुसऱ्यांवर अन्याय करायला लावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी पाच निरपराध माणसांना जमावाने मारून टाकले. ती पोटासाठी गावोगाव फिरणारी गरीब माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. भ्यालेल्या लोकांनी विचारपूस केली नाही. आपल्या मुलांच्या काळजीने पेटलेल्या हातांनी दुसऱ्यांच्या मुलांचे बाप हिरावून घेतले. एखादी बातमी आली, तर आधी तिची नीट खात्री करून घ्या, नाही तर नकळत कोणावर अन्याय कराल, अशी ताकीद कुरआनने दिली आहे. बातमीची खात्री करणे हाही उंट बांधण्याचाच एक प्रकार आहे. ज्याचा अल्लाहवर भरवसा आहे, त्याला थांबून चौकशी करण्याइतका धीर असतो.

आता आपल्या वर्गात परत येऊ. दहावीची परीक्षा जवळ आली, की काही मुले पुस्तक मिटून ‘अल्लाह मालिक आहे’ असे म्हणत क्रिकेट खेळतात. अल्लाह मालिक आहेच; पण गणिते तुम्हांलाच सोडवायची आहेत. काही मुले उलट करतात. ती रात्र रात्र जागतात, जेवत नाहीत, ‘नापास झालो तर काय’ हा एकच विचार घोकत राहतात. पहिल्या मुलांनी उंट बांधलाच नाही. दुसरी बांधलेल्या उंटापाशी रडत बसली आहेत. तुम्ही तिसरे व्हा. रोजचा अभ्यास रोज करा. जे समजत नाही, ते न लाजता शिक्षकांना विचारा. प्रवेशपत्र, पेन, कंपास आदल्या रात्रीच दप्तरात ठेवा. मग दुआ करा आणि वेळेवर झोपा. निकाल मनासारखा लागला, तर शुक्र करा. नाही लागला, तरी खचू नका. एका निकालाने दार बंद होते, घर पडत नाही. पुन्हा परीक्षा देता येते, दुसरी वाट धरता येते. ही गोष्ट तुमच्या शेजारी बसणाऱ्या घाबरट मित्रालाही सांगा. कधी कधी अल्लाहचा दिलासा एखाद्या मित्राच्या तोंडूनच पोहोचतो, जसा त्या गुहेत पोहोचला.

आणि एखादी भीती फारच मोठी असेल, कोणी तुम्हांला धमकावत असेल, त्रास देत असेल, तर गप्प राहून ‘अल्लाह पाहून घेईल’ असे म्हणू नका. आईवडिलांना सांगा, शिक्षकांना सांगा. मोठ्यांची मदत मागणे हा भरवशाचा अभाव नव्हे. पैगंबरांनीही वाटाड्याची मदत घेतली होती.

शेवटी एक छोटे काम सांगतो. आज रात्री झोपण्यापूर्वी वहीचे एक पान घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. ज्या गोष्टीची भीती वाटते, तिच्याबद्दल तुम्ही स्वतः जे करू शकता, ते रेघेच्या एका बाजूला लिहा. जे तुमच्या हातात नाही, ते दुसऱ्या बाजूला लिहा. पहिल्या बाजूची कामे उद्या सकाळी उठून सुरू करा. दुसरी बाजू इशाच्या नमाजनंतर दुआमध्ये अल्लाहपुढे ठेवा आणि दिवा मालवून निवांत झोपा. मराठीत म्हणतात, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. उर्दूत आपण म्हणतो, ‘हिम्मत-ए-मर्दां, मदद-ए-खुदा’. भाषा दोन आहेत, पण दोन्ही म्हणी आधी उंट बांधायलाच सांगतात.

शब्दार्थ

भरवसा – विश्वास, एतबार
राखणदार – पहारा देणारा, चौकीदार
पाळत ठेवणे – लपून लक्ष ठेवणे
वाटाड्या – रस्ता दाखवणारा, रहबर
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न, तोशा
व्याकूळ – बेचैन
चिलखत – लढाईत अंगात घालायचा लोखंडी पोशाख, जिरह
अफवा – खात्री नसलेली, खोटी बातमी
निरपराध – ज्याचा गुन्हा नाही असा, बेकसूर

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने भीतीला कोणाची उपमा दिली आहे?
(आ) सौर डोंगर मक्केच्या कोणत्या दिशेला आहे?
(इ) हजरत अस्मा यांना ‘दोन कमरपट्टेवाली’ का म्हणतात?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हिजरतीसाठी कोणकोणती तयारी केली होती?
(आ) हजरत उमर यांनी दरीचे उदाहरण का दिले?
(इ) राईनपाडा येथील घटनेतून आपण काय शिकतो?

प्रश्न ३. वाक्यात उपयोग करा.
पोटात गोळा येणे, डोळ्याला डोळा न लागणे, धीर देणे, हिरावून घेणे.

प्रश्न ४. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या म्हणींच्या अर्थांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

उपक्रम : प्रयत्न आणि हिंमत यांविषयीच्या दोन उर्दू म्हणी घरातील मोठ्यांना विचारा आणि त्यांचा अर्थ मराठीत लिहून वर्गात वाचून दाखवा.